बिनतेलाचा दाणा

राजापेठच्या चौकात लागला तो धक्का म्हणावा असाही नव्हता. क्लासेस सुटले होते, गाड्यांचा लोंढा एकमेकींच्या अंगावर रेलत सरकत होता, आणि शेजारून आलेल्या एका बाईच्या स्कुटीचं हँडल प्रियदर्शनीच्या हँडलला नुसतं घासून गेलं. दोन्ही गाड्या क्षणभर एकमेकींना धरून राहिल्या, मग सुटल्या. "पाह्यत जाय ना व," बाई म्हणाली, आणि चूक आपलीच आहे हे ध्यानात येऊन लगेच, "लागलं तं नाही ना?" असंही म्हणाली. लागलं काहीच नव्हतं. फक्त पायाशी ठेवलेली पिशवी कलंडली होती, तिच्यातल्या स्टीलच्या डब्याचं झाकण निघालं होतं आणि तूर रस्त्यावर पसरली होती. अख्खी तूर, तांबूस, टरफलासकट. शनिवारी प्रियदर्शनीच्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवावा म्हणून हा मूळ नमुना ती आज बुधवारी कॉलेजात नेत होती. गाडी कडेला लावून ती खाली बसली आणि दाणे वेचू लागली. मागे हॉर्न वाजत होते. दोन मुठी भरल्या, तिसरी भरताना तिच्या लक्षात आलं की रस्त्याची धूळ दाण्यांना धरून बसते आहे. फुंकली तरी जात नाही, झटकली तरी जात नाही. कोरड्या दाण्यावरून धूळ निघून जायला हवी. तिनं बोटावर बोट चोळलं. बोट बोटावरून सरकलं, अडलं नाही. तिनं हात नाकाशी नेला आणि चौकातल्या त्या धुरात, गरम डांबरावर, तिला वास आला तो एरंडेलाचा.

तिचं काम हेच होतं, अडणं आणि सरकणं. दोन कठीण वस्तू एकमेकींवर आदळतात तेव्हा त्या नुसत्या उसळून दूर होत नाहीत, जाता जाता एकमेकींना घासतात. त्या घासण्याचं काय होतं ते संगणकाला शिकवायचं. तिनं निवडला होता तुरीचा दाणा आणि दालमिलमधला एमरीचा, धार लावायच्या दगडासारखा खरखरीत रोल. रोल फिरतो, दाणे त्याच्यावर आदळतात, एकमेकांवर आदळतात, आणि घासून घासून टरफल सोडतात. संगणकात तिचे दोन हजार दाणे होते. एका सेकंदाचे लाखो तुकडे करून प्रत्येक तुकड्यात, प्रत्येक दाण्याला, प्रत्येक टकरीत संगणक एकच प्रश्न विचारायचा: तू धरून राहणार, की सुटणार? उत्तर एका आकड्यावर ठरायचं, घर्षणांकावर. दाबाच्या इतक्या पटीपर्यंत दाणा धरून राहील, त्यापलीकडे घसरेल. आकडा लहान तर दाणे मासोळ्यांसारखे निसटणार. आकडा मोठा तर एकमेकांना ओरबाडणार. बाकी सगळं, समीकरणं, रंगीत चित्रं, एकोणीस-एकोणीस तास चालणारे प्रोग्राम, त्या एका आकड्याच्या खुंटीला टांगलेलं. तो आकडा तिनं स्वतः मोजला होता, तीन वर्षांपूर्वी. पोलादाच्या पाटीवर दाणा ठेवायचा, पाटी हळूहळू तिरपी करायची, दाणा कोणत्या कोनाला घसरतो ते लिहायचं. अकरा अंशाच्या आतच घसरायचा. पॉइंट एकोणीस. इतरांच्या निबंधांमध्ये तुरीचा आकडा यापेक्षा बराच मोठा होता, तेव्हा ती आठवडाभर अस्वस्थ होती. मग तिनं पुन्हा मोजलं. पन्नासदा मोजलं. पन्नासदा पॉइंट एकोणीस. मग त्या आकड्यावर तिचा जीव जडला. तिनं एक अख्खं प्रकरण लिहिलं, की वऱ्हाडातल्या काळ्या मातीत वाढलेल्या तुरीचं टरफल मुळातच गुळगुळीत असतं, म्हणून. तिच्या मार्गदर्शकांना, नागसेन सरांना, प्रबंधातलं तेच प्रकरण सगळ्यात आवडलं होतं. "यात मातीचा वास आहे, मॅडम," ते म्हणाले होते.

मातीचा नव्हे, सर. ती चौकात उकिडवी बसून हसली, आणि हसू मध्येच तुटलं.

कारण आता तिला ते ऐकूच आलं. तीन वर्षांपूर्वीची दुपार, बाहेरच्या खोलीत ती टाइप करते आहे, आणि आतून आईचा आवाज येतो आहे. आई, कौशल्याबाई, तेल्हाऱ्याची, हाताला काम लागलं की तिच्या तोंडाला ओवी लागते. जातं जाऊन चाळीस वर्षं झाली, ओवी गेली नाही. कुकरच्या शिट्टीवरही आई ओवी म्हणते. त्या दुपारी ती म्हणत होती:

तुरीच्या दान्याले
तेल चोळू तळहाती
लेक दूर जाती
कीड नको लागू

आणि प्रियदर्शनीनं कीबोर्डवरून डोकं न उचलता मनात म्हटलं होतं, किती गोड आहे हे, कधी तरी लिहून ठेवायला हवं. ओवीचा गोडवा तिनं ऐकला होता. ओवी काय सांगते आहे तेवढं ऐकलं नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या वेळी उंदीर फार झाले होते, म्हणून तिनं नमुन्याचा डबा घरी आणला होता, हेही आता आठवलं. संध्याकाळी तिनं आईला विचारलं. विचारताना आवाज सहज ठेवला. आई ओट्याशी मेथी निवडत होती. "आई, या डब्यातल्या तुरीले तू कधी तेल लावलं होतं काय?" "लावलं ना," आई म्हणाली. "तूच तं म्हनली होती, ही तूर मले वर्षभर लागन. वर्षभराची तूर बिनतेलाची ठेवते काय कोनी? टोके पडून किडली असती." आणि डोकं वर करून, "कावून व? खराब झाली काय?" "नाही." "नाही होनार. मी चांगलं चोळलं होतं. एक एक दाना." तिनं हाताची ओंजळ करून दाखवलं कसं चोळलं ते. त्या ओंजळीकडे प्रियदर्शनी पाहत राहिली. उभ्या आयुष्यात या बाईनं हाताला लागेल त्या गोष्टीची अशीच राखण केली होती. लोणच्याच्या बरणीला दादरा, शिवणयंत्राला गोधडीचा तुकडा. एकदा तर प्रोग्राम चालू असताना संगणकावर धूळ बसते म्हणून तिनं त्याला आपलं जुनं लुगडं पांघरलं होतं आणि तो तापून बंद पडला होता. तेव्हा आपण किती ओरडलो. आता ओरडावंसं वाटत नव्हतं. आणि नुकसान प्रबंधापुरतं नव्हतं. त्या आकड्याखाली एक माणूस आला होता.

अब्दुल गफ्फार. अकोल्याच्या एमआयडीसीत ज्या दालमिलनं तिला अभ्यासासाठी आत येऊ दिलं, तिथले मिस्तरी. सगळी मिल त्यांना चाचा म्हणायची, मग तीही म्हणू लागली. बारीक अंगकाठी, भुवयांवर तुरीची पांढुरकी धूळ कायमची. रोल आणि त्याच्याभोवतीची जाळी यांत किती फट ठेवायची हे ते मोजत नसत, ऐकत. डोळे मिटून यंत्राजवळ उभे राहत आणि म्हणत, "हां, आता गाऊन राहिला." किंवा, "आता चावून राहिला, ढिला कर." फट जास्त झाली की टरफल निघत नाही, कमी झाली की दाणा फुटून चुरी होते. या दोघांमधली केसाएवढी जागा चाचांच्या कानात होती. मिलमध्ये पुढे दाण्यांना तेल लावतात, उन्हात वाळवतात, पण या पहिल्या रोलात तूर जाते ती कोरडी. तिचा सगळा अभ्यास त्या पहिल्या रोलाचा. कोरड्या तुरीचा. तिच्या संगणकातले दाणे निसटून जात होते, टरफलाला ओरखडासुद्धा न पडता, म्हणून तिचं गणित म्हणालं, फट कमी करा, वेग वाढवा. मालक खुशालरावांना तिनं चित्रफीत दाखवली, दोन हजार दाणे, लाल-पिवळे, नाचणारे. खुशालराव खुर्चीतून पुढे झुकले. "वा! हे तं पिक्चरच हाय, बाप्पा." चाचांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, इतकी कमी फट ठेवली तं दाना रडन." ती हसून म्हणाली होती, "चाचा, एकदा करून तं पाहू." किती मऊ आवाजात म्हणाली होती. तिला तो मऊपणा आता सुईसारखा आठवला. चाचांनी तिच्या आकड्यावर रोल बसवला. पहिल्याच दिवशी पोत्यावारी चुरी पडली. खुशालराव म्हणाले, चाचा, कंप्युटर चुकत नाही, तुमच्या हातूनच आकडा बराबर बसला नसन. दुसऱ्या दिवशी नितेश नावाच्या नव्या ऑपरेटरनं रोल बसवला, आणि दाणा सोन्यासारखा निघू लागला. तिच्या प्रबंधात हे सगळं एका ओळीत होतं: प्रत्यक्ष मिलमधील चाचणीत निष्कर्षांना पुष्टी मिळाली. चाचा महिनाभरानं घरी बसले. नितेशनंच तिला फोनवर सांगितलं होतं, "चाचाचा कान गेला, मॅडम. ते स्वताच म्हनतेत." तिला वाईट वाटलं. तिनं त्यांचं नाव ऋणनिर्देशात घातलं.

ऋणनिर्देशात. बारीक अक्षरात, खाली, कॅन्टीनवाल्या बेबीताईंच्या वर.

पण मग नितेशच्या हातून दाणा नीट कसा निघाला? हा प्रश्न तिला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पडला. आकडा खोटा, तर पुष्टी कोणाची? गुरुवारी सकाळी कॉलेजात शिरताच तिनं आधी वाण्याकडून आणलेली कोरडी तूर पाटीवर ठेवली. पाटी अकरा अंशांवर गेली, दाणा जागचा हलला नाही. पंधरा. सतरा. दाणा पोलादाला असा धरून बसला होता, जणू त्याला कोणी तरी सांगून ठेवलं होतं, आज सोडू नकोस. एकोणिसाव्या अंशाला तो सुटला. तिनं दहा वेळा पाहिलं आणि नितेशला फोन लावला. "नितेश, रोल आता कोनत्या फटीवर चालू हाय?" पलीकडे यंत्राचा घरघराट, मग तो बाहेर आल्याची शांतता. "मॅडम, खरं सांगू का?" "सांग." "माया हातात आल्यापासून तुमच्या आकड्यावर तो एक दिवस बी नाही चालला. मी गुपचूप मागं घेतला. चाचा ठेवत होते तिथंच हाय, पयलेपासून." "मंग सांगितलं कावून नाही?" "कोनाले सांगू? सेठले तुमचा पिक्चर आवडला होता. मी नवा मानूस. आन तुमी इतक्या लांबून येत होत्या." जरा थांबून तो म्हणाला, "मले वाटलं चाचाले समजलंच असन. त्यायचा तं कान..." आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

ती पाटीसमोर बसून राहिली. म्हणजे दोन वर्षं त्या मिलमध्ये यंत्र चाचांच्याच कानावर चालत होतं, तिच्या नावानं. आणि चाचा अकोल्यात अकोट फैल वस्तीतल्या आपल्या घरी बसून रोज सकाळी मान्य करत होते की आपला कान गेला. तिनं एका माणसाकडून त्याचा कान काढून घेतला होता, रंगीत चित्र दाखवून, मऊ बोलून. एखाद्याचा हात मोडला तर प्लास्टर घालता येतं. स्वतःवरचा विश्वास मोडला तर तो माणूस गुपचूप चहा पीत बसतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिला आठवलं, शेवटच्या भेटीत चाचांनी तिला विचारलं होतं, "बाई, कानाचं बी असं मशीन येते का, आकडा दाखवनारं?" आणि ती म्हणाली होती, येतं ना चाचा, कानाचे डॉक्टर असतात. तो प्रश्न डॉक्टरचा नव्हता हे तिला कळायला दोन वर्षं आणि चौकातला एक धक्का लागला.

नागसेन सर केबिनमध्ये होते. तिनं सगळं सांगितलं, आईचं नाव सोडून. सर बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. ते वाईट नव्हते. सहा वर्षं त्यांनी तिचं प्रत्येक पान वाचलं होतं, तिच्याबरोबर त्यांचेही केस पांढरे झाले होते. "मॅडम," ते म्हणाले, "शनिवारी परीक्षक येऊन राहिले. तिकीट झालं. तुमचं मॉडेल चूक नाही, पद्धत चूक नाही. एक आकडा. शेवटच्या प्रकरणात मर्यादा म्हणून एक परिच्छेद टाका ना. नमुन्याच्या साठवणुकीचा परिणाम संभवतो, वगैरे. पुढच्या निबंधात दुरुस्त करू. जगात कोण मोजायला बसलंय तूर?" परिच्छेद तिच्या डोळ्यांपुढे आपोआप टाइप होऊ लागला होता, ही तिला सगळ्यात भीतीची गोष्ट वाटली. किती सफाईनं येत होते शब्द. साठवणुकीचा परिणाम संभवतो. सगळं खरं, आणि कुठंही अडत नाही. त्या वाक्यावरून परीक्षक घसरत जातील, ती घसरत जाईल, शनिवारी पेढे वाटले जातील, दारावर डॉक्टर लिहिलेली पाटी लागेल. त्या वाक्यात चाचा कुठे बसतील? अर्धविरामानंतर?

शुक्रवारी सकाळी तिनं आईला खरं सांगितलं. सांगणार नव्हती. पण चहा गाळताना आईनं, "उद्याले मी कोनतं लुगडं नेसू?" असं विचारलं, आणि तिला खोटं बोलायला जागाच उरली नाही. "आई, त्या तुरीले तेल लागलं होतं म्हनून माया आकडा चुकला. उद्याचं होत नाही." आईच्या हातात गाळणं तसंच राहिलं, थेंब ओट्यावर पडत राहिले. "माया तेलानं?" "मी पाह्यलं नाही म्हनून." "सहा वर्षाचं?" "सगळं नाही. अर्धं." आई खाली बसली. ती रडेल असं प्रियदर्शनीला वाटलं. आई रडली नाही, तिनं नीट विचार केला, जसा ती भाजीत मीठ जास्त झालं की करते तसा. "मंग लोकं तुले हासतीन." "हासतीन." "तं मायं नाव सांगजो. म्हनजो, माया मायनं लावलं, अडानी हाय. मले तिथं कोन ओयखते?" प्रियदर्शनीनं आईचे हात हातात घेतले. खरखरीत हात, बोटांच्या पेरांना भेगा, भेगांत मेथीचा हिरवा रंग. या हातांवरून काहीही सहज घसरून जाऊ शकत नाही, असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, आपण मोजायचं ते सोडून इथंही मोजतोच आहोत.

अकोल्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिनं मोबाइलवर विद्यापीठाला पत्र लिहिलं. बडनेरा गेलं, दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये तुरीची तासं, फुलं धरलेली. तिनं लिहिलं की घर्षणांकाचं मापन चुकीचं आहे, मिलमधली पुष्टीही खरी नाही, तोंडी परीक्षा पुढे ढकलावी. कारण म्हणून लिहिलं, नमुन्याला एरंडेल लागलं होतं, मी मोजण्याआधी तपासलं नाही. कोणी लावलं ते लिहिलं नाही. मूर्तिजापूरच्या थांब्यावर चहावाला खिडकीवर टकटक करून गेला. तिनं पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवलं आणि ते बोट तसंच थोडा वेळ राहिलं. काचेवर किती कमी घर्षण असतं, तिनं स्वतः शिकवलेलं होतं मुलांना, तरी बोट जड झालं होतं. बस सुटताना एक गचका बसला. बोटानं आपलं काम केलं की गचक्यानं, हे तिला सांगता आलं नसतं. बोरगाव मंजूपर्यंत सरांचे तीन फोन येऊन गेले. चौथा तिनं घेतला. "गेलं काय पत्र?" "गेलं, सर." सर म्हणाले, "जेवल्या काय तुम्ही?" तिला पहिल्यांदा रडू आलं ते तेव्हा.

अकोट फैलात हलीमाबीनं दार उघडलं. चाचांची बायको, बोलायला तिखट. "आओ बाई, आओ. आज कैसे रास्ता भूल गए? कंप्यूटर बिमार हय क्या?" "असंच समजा, चाची." "हमारे यहाँ तो पहले से एक बिमार बैठा हय. न खाता, न लडता. लडता नहीं तो मेरे कू भी मजा नहीं आता." चाचा तक्तपोसावर बसून शेजाऱ्याचा टेबलफॅन दुरुस्त करत होते, ताटलीत स्क्रू, मांडीवर पातं. भुवयांवरची धूळ गेली होती, त्यामुळे ते तिला दुसरंच कोणी तरी वाटले. तिनं बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसली असती तर मऊ बोलली असती. आकडा, तेल, रोल, नितेशनं मागं घेतलेली फट, सगळं. "तुमी बरोबर होते, चाचा. तवा दाना खरंच रडून राहिला होता. चूक मायी होती. तुमचा कान नाही गेला." चाचा पातं बोटानं फिरवत राहिले. ते फिरून थांबलं, त्यांनी पुन्हा फिरवलं. "एरंडेल," ते म्हणाले. "हो." "तुया मायनं." "हो." हलीमाबी पदराआड हसली. "अल्ला, माँ हो तो अयसी." चाचा हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उजळलं नाही, आणि तिला कळेना हे असं का. ती वाटभर मनात जो प्रसंग रचत आली होती, त्यात या वाक्यापाशी एक ओझं उतरत होतं. इथं काही उतरलं नाही. त्यांनी तिच्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. "चाल," ते म्हणाले. "मिलवर जाऊ." "दवा खाके जाओ," हलीमाबी म्हणाली. "आके खाता."

मिलच्या आवारात शिरताच नितेश धावत आला, चाचांच्या पायाशी वाकला, तिच्याकडे न पाहता. रोल चालू होता. सगळी शेड थरथरत होती, हवेत टरफलाची तांबूस धूळ, आणि त्या आवाजात माणसांची तोंडं नुसती हलताना दिसत. चाचा यंत्राजवळ जाऊन उभे राहिले. डोळे मिटले. तिनंही मिटले. तिला नुसता घरघराट ऐकू आला, एकच, सलग, जाड. तिचे दोन हजार दाणे मुके होते, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं. तिनं त्यांना वजन दिलं होतं, वेग दिला होता, आवाज दिला नव्हता. चाचांनी डोळे उघडले आणि तिच्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "फुटून राहिला. चुरी पडून राहिली." मग त्यांनी खालच्या तोंडाशी हात घातला, पडणाऱ्या दाण्यांची एक मूठ भरली, आणि तिच्याकडे न बघता, स्वतःही न बघता, ती तिच्या तळहातावर रिकामी केली. "पाह्य. मी चष्मा नाही आनला."

दाणे गरम होते. तिनं ते पसरले. अख्खे. टरफलावर हवे तितके ओरखडे, बारीक, पांढरे, पण दाणे अख्खे. तिनं बोटानं सरकवून सरकवून पाहिलं. त्या मुठीत दोन फुटके होते, तिसरा शोधूनही सापडला नाही. चुरी नव्हती. ती खाली मान घालून पाहतच राहिली, जणू जास्त वेळ पाहिलं तर दाणे फुटतील. ती त्यांना कान परत द्यायला आली होती. दोन वर्षं या माणसानं घरात बसून काढली, तिच्यामुळे, आणि आज आल्या पावली पहिलीच गोष्ट ते चुकीची सांगत होते. कान खरंच गेला असेल तर? तेव्हा नव्हता गेला, पण नंतर, न वापरता, न विचारता, विहीर उपसली नाही की झरे बुजतात तसा? किती सोपं होतं मान हलवणं. हो चाचा, चुरी हाय. चष्मा नाही त्यांच्याकडे. नितेश दोन पावलं लांब होता आणि त्यानं तर दोन वर्षं तोंड मिटून ठेवलेलं, आजही ठेवेल. एक शब्द, तेलाच्या बोटासारखा, आणि सगळं कसं विनाआवाज पुढं सरकलं असतं. तिनं पाहिलं, नितेश तिच्याकडे बघत होता आणि डोळ्यांनी तेच सांगत होता: म्हना ना, मॅडम. प्रत्येक शब्द अडू लागला, आणि त्या अडण्यातूनच तिनं एकेक शब्द सोडवला.

"नाही, चाचा. चुरी नाही. दाना साबूत हाय. तुमाले चुकीचं आयकू आलं."

यंत्राच्या आवाजात एवढं मोठ्यानं बोलावं लागलं की ते ओरडल्यासारखं झालं. नितेशनं मान दुसरीकडे वळवली. चाचा तसेच उभे होते. मग त्यांच्या खांद्यांना काही तरी झालं, आधी तिला वाटलं खोकला, पण ते हसत होते, आवाज न करता, दात दिसेपर्यंत.

"साबूतच हाय," ते म्हणाले. "मले बी साबूतच आयकू येऊन राहिलं."

"मंग?"

"घरी आली तू, रडकं तोंड घेऊन. मले वाटलं, पोरीले बुढ्याची कीव आली. कीव आली का मानूस कायबी बोलते, बेटा. तुमी बरोबर होते, तुमचा कान नाही गेला, आपन त्याले हो म्हनते आन रात्रभर तसंच पडून राह्यते." त्यांनी तिच्या तळहातावरचे दाणे परत घेतले आणि रोलाच्या तोंडात टाकले. "आता समजलं."

"काय?"

"हेच, का तवा बी मीच बराबर होतो." मग वळून, एकदम वेगळ्या, जुन्या, मिलभर ऐकू जाणाऱ्या आवाजात, "ए नितेश! हा काय बसवला तू रोल? ठीक हाय म्हनजे झालं काय? चाक अर्धा आटा ढिला कर. अर्धा म्हनलं, पुरा नाही!"

नितेश धावला. त्यानं चाक फिरवलं. चाचांनी हात वर करून त्याला थांबवलं, मान किंचित कलती केली आणि तिच्याकडे पाहिलं, आलं का ऐकू, अशा नजरेनं. तिनं जीव कानात आणून ऐकलं. आवाज तिला पहिल्यासारखाच वाटला, एकच, सलग, जाड. तिनं मान हलवून तसं सांगितलं.

"तुले बी आयकू येईन," चाचा म्हणाले. "सोमवारपासून ये."